आमचें घर, अमेरिकन घर आणि घराचें ओझें



गेल्या वर्षीं कापसाची वेचणी आटोपल्यावर आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील एका गांवीं मंडळीचे पंच एका घरगुती वादाचा निकाल करण्यास बसले होते. त्या बैठकीस आम्हांसहि बोलावणें होतें. घरांत पंचाहत्तरी उलटलेली विधवा आई. तिला दोन मुलगे व एक मुलगी. थोरला मुलगा गांवीं शेती करतो. धाकटा पुण्यास कारखान्यांत नोकरीस आहे. मुलगी वणीकडे दिलेली आहे. आईस आतां रात्रीं एकटीनें उठवत नाहीं. थोरला म्हणाला, "दहा वर्षें मीं संभाळ केला, आतां धाकट्यानें न्यावें." धाकटा म्हणाला, "माझी जागा दोन खोल्यांची, बायकोहि कामावर जाते. मी पैसे पाठवीत जाईन." दोन तास बोलणें झालें, पण निकाल लागेना. शेवटीं एक वृद्ध पंच उद्वेगानें म्हणाले, "ही सारी अमेरिकेची हवा आहे. साहेबलोकांनीं आम्हांस शास्त्र दिलें आणि त्याबरोबर आईबापांस दूर ठेवण्याची रीतिहि दिली." यावर पुष्कळांनीं माना हालविल्या.

त्या वेळीं थोरली सून दाराच्या चौकटीस टेकून उभी होती. सासूस रात्रीं उठविणारी, न्हाऊं घालणारी, तिचीं लुगडीं धुणारी तीच. त्या दोन तासांत तिला कोणींहि एक प्रश्न विचारला नाहीं. आम्हींहि विचारला नाहीं. एस. टी. नें परत येतांना ही आमची चूक आमच्या ध्यानांत आली, आणि त्या वृद्ध पंचांच्या बोलण्याचा विचार मनांत घोळूं लागला. अमेरिकन लोकांच्या घरांत आईबापांविषयीं प्रीति नाहीं व आमच्या घरांत ती आहे, हें खरें काय? आणि दोन रीतींपैकीं बरी कोणती हें ठरवावयाचें झाल्यास तें कोणत्या मापानें ठरवावें?

अमेरिकन घर आमच्या जिल्ह्यास केवळ ऐकून ठाऊक आहे असें नाहीं. फ्री मेथडिस्ट मिशनचे अमेरिकन लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या भागांत येऊन राहिले. पुढें १९५३ सालीं यवतमाळांत युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली. ती १९८३ सालीं पुण्यास गेली. तोंपर्यंत अनेक परदेशी कुटुंबें आमच्या वडील पिढीनें जवळून पाहिलीं. नवराबायको एका मेजावर बसून जेवीत. पाहुण्यांसमोर नवरा बायकोचें मत विचारी, आणि ती तें मोकळेपणानें सांगे. आमच्या बायकांस याचें मोठें नवल वाटे. परंतु तींच माणसें आपल्या लहान मुलांस कोडाईकनालसारख्या थंड हवेच्या ठिकाणच्या शाळेंत ठेवीत, व महिनेच्या महिने आईची व लेंकराची भेट होत नसे. त्यांचे म्हातारे आईबाप समुद्रापलीकडे असत; त्यांची खबर पत्रानें येई. हें पाहून आमच्या बायका हळहळत व विचारीत, "यांच्या आईबापांस पाणी कोण देतें?"

तिकडे मडमांसहि आमच्याविषयीं असेंच नवल वाटे. घरांत दहा माणसें असून सर्वांच्या मागून जेवणारी एकटी सून पाहून त्या हळहळत. येणेंप्रमाणें दोन्ही बाजूंस कळवळा होता. पण तो दुसऱ्याच्या घराविषयीं होता. शेजाऱ्याच्या डोक्यावरचें ओझें आपणांस चटकन दिसतें. आपल्या घरांतील ओझें रोजच्या सवयीमुळें दिसेनासें होतें. रीतींची तुलना करतांना पहिली अडचण हीच.

या विषयावर मराठींत फार पूर्वीं एका बाईनें मोठ्या धैर्यानें लिहिलें आहे. पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या, तेथें पुष्कळ हिंडल्या, आणि परत आल्यावर १८८९ सालीं त्यांनीं तेथील लोकस्थितीवर मराठींत ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील स्त्रियांचें शिक्षण, त्यांनीं आपल्या बळावर चालविलेल्या संस्था, घरांत व समाजांत त्यांस असलेला मान, यांची रमाबाईंनीं मनापासून वाखाणणी केली. परंतु कातडीच्या रंगावरून माणसाचा तिरस्कार करण्याची तेथील खोड व त्या देशाच्या मूळच्या रहिवाशांवर झालेला अन्यायहि त्यांनीं झांकून ठेवला नाहीं. देश पुढारलेला आहे म्हणून त्याचें सर्वच चांगलें, असें त्या म्हणाल्या नाहींत. आपला आहे म्हणून आपलें सर्वच चांगलें, असेंहि त्यांनीं मानलें नाहीं. त्या समाजांत दुबळ्या माणसाची काय स्थिति आहे, हें त्यांनीं पाहिलें. आम्हांस वाटतें कीं, देशाला लावावयाचें हें माप घरालाहि लावावें.

अमेरिकन मनुष्यास नात्याची माया नसते असें म्हणणाऱ्यांनीं डॉक्टर आनंदीबाई जोशी यांची हकीकत आठवावी. चौदा वर्षांच्या वयांत त्यांस मूल झालें व तें दहा दिवसांत गेलें. या दुःखांतून वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय झाला. १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, त्या अमेरिकेस गेल्या. न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल गांवच्या मिसेस कार्पेंटर यांनीं त्यांस आपल्या घरीं ठेवून घेतलें. रक्ताचें नातें नाहीं, धर्म एक नाहीं, भाषा एक नाहीं. पण आनंदीबाई त्यांस मावशी मानीत. १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांतून आनंदीबाईंस पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. तेव्हां त्यांच्या रक्षेचा भाग अमेरिकेस पाठविण्यांत आला, आणि न्यूयॉर्क संस्थानांतील पकीप्सी गांवीं कार्पेंटर यांच्या कुटुंबाच्या दफनभूमींत तो ठेवला गेला. ज्या घरानें परक्या मुलीस आपल्या मृतांमध्यें जागा दिली, त्या घरास नातें कळत नाहीं असें कसें म्हणावें?

खरा भेद असा दिसतो. आमच्याकडे नातें जन्मानें किंवा लग्नानें अंगावर येतें. तिकडे पुष्कळसें नातें मनुष्य आपण होऊन पत्करतो. पत्करलेलें नातें कोणी टाकूनहि देऊं शकतो. अंगावर आलेलें नातें टाकतां येत नाहीं, पण त्याच्या नांवानें एखाद्यास जन्मभर राबवून घेतां येतें. दोहोंतहि गुण आहे व दोहोंतहि धोका आहे.

आतां म्हाताऱ्या माणसांचें पाहूं. अमेरिकेंत पूर्वीं ज्या निर्धन म्हाताऱ्यांस कोणी नसे, त्यांतील पुष्कळांचा शेवट सरकारी अनाथगृहांत होई, व तेथें जाणें हें मोठें लाजिरवाणें समजत. १९३५ सालीं तेथें सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला. काम करणाऱ्याच्या पगारांतून व मालकाकडून कर घ्यावयाचा आणि म्हातारपणीं दरमहा रक्कम द्यावयाची, अशी ती योजना. १९४० च्या जानेवारीपासून दरमहाचे हप्ते सुरू झाले. १९६५ सालीं म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याची मेडिकेअर नांवाची योजना झाली. तेव्हां त्या लोकांनीं म्हाताऱ्यांस वाऱ्यावर सोडलें असें नाहीं. त्यांनीं ओझें एका सुनेच्या पाठीवर न ठेवतां सर्व कामकऱ्यांवर थोडथोडें वांटून दिलें. हा न्याय लहान नव्हे. परंतु खजिन्यांतून पैसा येतो. रात्रीं हांक मारल्यास "ओ" देणारें माणूस खजिन्यांतून येत नाहीं. तेथील पुष्कळ म्हातारीं माणसें भाकरीला मोताद नसून शब्दाला मोताद असतात.

याच संबंधानें आणखी एक गोष्ट सांगतों. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं आमच्या कित्येक मंडळ्यांत मातृदिन पाळतात. ही चालहि अमेरिकेचीच. १९०८ सालीं वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांतील ग्राफ्टन गांवीं मेथडिस्ट मंडळींत, अ‍ॅना जार्व्हिस नांवाच्या बाईच्या खटपटीनें, तो दिवस पाळला गेला. १९१४ सालीं अध्यक्ष विल्सन यांनीं तो सर्व देशासाठीं जाहीर केला. पुढें फुलें, मिठाई व छापील शुभेच्छापत्रें विकणाऱ्यांनीं त्या दिवसाचा बाजार मांडला. तें पाहून ज्या बाईनें तो दिवस सुरू केला तीच त्याच्या विरुद्ध झगडूं लागली. १९४८ सालीं पेन्सिल्व्हेनियांतील एका शुश्रूषागृहांत तिचा अंत झाला. तिला मूलबाळ नव्हतें. आईचा मान हा विकत घेऊन पाठविण्याचा जिन्नस झाला, हें तिचें दुःख होतें. पुण्याहून दरमहा मोबाईलवरून पैसे पाठवून मोकळे होणाऱ्या आमच्या मुलांनींहि या दुःखाचा विचार करावा.

येथपर्यंत वाचून आमचे वृद्ध पंच म्हणतील, "म्हणजे आमचीच रीति बरी ठरली." थांबा. आतां आमच्या घरांत ओझें कोण वाहतें तें पाहूं. आम्ही म्हणतों, "मुलगा आईबापांस संभाळतो." खरोखर मुलगा संभाळतो काय? भाकरी कोण भाजतें? अंथरूण कोण बदलतें? मध्यरात्रीं कोण उठतें? नांव मुलाचें होतें आणि काम सून करते. पुरुष आपल्या आईबापांस सोडून आपल्या स्त्रीशीं जडून राहील, असें शास्त्रांत आहे, आणि आमच्या लग्नांत तें वाचलें जातें. परंतु आमच्या गांवांत पुरुष कोणासच सोडीत नाहीं. सोडते ती स्त्री. तिचेहि आईबाप म्हातारे होतात. त्यांच्या उशाशीं बसण्यास ती गेली, तर "माहेरचा ओढा फार" म्हणून तिला बोल लागतो.

या बाबतींत आमच्या देशाचा कायदा आमच्या रीतीच्या पुढें गेला आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा २००७ सालीं झाला. त्यांत निर्वाहाची जबाबदारी मुलगा, मुलगी व सज्ञान नातवंडें यांवर ठेवली आहे. मुलगी परक्या घरीं दिली म्हणून ती सुटत नाहीं; आणि मुलांच्या त्या व्याख्येंत सुनेचें नांवच नाहीं. ज्या आईबापांस आपला निर्वाह करतां येत नाहीं, त्यांनीं उपविभागाच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. तेथें दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह ठरवून देतां येतो. म्हणजे कायदा जें काम लेंकरांवर टाकतो, तें रीतीनें लेंकीस माफ केलें, लेंकास नांवापुरतें दिलें, आणि सुनेच्या डोक्यावर ठेवलें.

वांट्याचेंहि तसेंच आहे. आम्हां ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करतां मनुष्य वारला आणि मागें विधवा व मुलें असलीं, तर एकतृतीयांश विधवेचा, आणि बाकीचें मुलगे व मुली यांचें सारखें. तरीहि किती घरांत मुलीकडून हक्कसोड लिहून घेतात, हें उपदेशकांस आम्हीं सांगावयास नको. पण या कायद्यांतहि एक उणीव आहे. मुलें असलेला मनुष्य मृत्युपत्राशिवाय वारला, तर त्याच्या जिवंत आईस कांहीं मिळत नाहीं. हिंदु लोकांच्या १९५६ च्या कायद्यांत आईस वांटा आहे. आमच्या कायद्यांत नाहीं. नवराबायको व मुलें एवढेंच घर, अशा पाश्चात्य घराच्या मापावर तो बेतलेला दिसतो. म्हातारी आई त्या मापांत बसली नाहीं. म्हणून ज्याची आई जिवंत आहे, अशा प्रत्येक ख्रिस्ती शेतकऱ्यानें मृत्युपत्र करावें व त्यांत आईची तरतूद लिहावी, अशी आमची विनंती आहे.

हा पेंच केवळ आमचाच आहे असें कोणी समजूं नये. व्हिएटनाम देशांतील लोक वडिलांचा मान राखण्यांत आमच्याहून कमी नाहींत. घरांत पूर्वजांच्या स्मरणाची जागा असते. आणि त्यांच्या भाषेंत समोरच्या माणसास नुसतें "तूं" म्हणून भागत नाहीं, तर थोरला भाऊ, धाकटें भावंड, काका, मावशी अशा नात्याच्याच शब्दानें बोलावें लागतें. १९७५ सालीं युद्ध संपल्यावर त्यांतील लाखों लोक निर्वासित होऊन कालांतरानें अमेरिकेंत जाऊन राहिले. तेथें लहान मुलें इंग्रजी लवकर शिकलीं, आणि वडिलांस दवाखान्यांत किंवा कचेरींत दहा वर्षांच्या मुलास दुभाषी म्हणून नेण्याची पाळी आली. घरांत मानाचे शब्द तेच राहिले, पण घराचें ओझें लहान खांद्यांवर गेलें. अमेरिकेंत गेलेल्या आमच्या मराठी कुटुंबांतहि थोडेंबहुत असेंच पहावयास मिळतें. सुनेच्या किंवा लेंकीच्या बाळंतपणासाठीं आजीस बोलावतात; ती सहा महिने स्वयंपाक व बाळ संभाळते; दिवसभर त्या घरांत तिच्याशीं मराठी बोलणारें कोणी नसतें. तिला सर्व जण मानानें वागवितात. पण "आजी, तुझा वेळ कसा जातो?" हें विचारावयाचें मात्र राहून जातें. मानाचा शब्द हें मानाचें टरफल आहे. आंत गर आहे कीं नाहीं, हें टरफलावरून कळत नाहीं.

तात्पर्य, आमची रीति कीं अमेरिकेची रीति, हा प्रश्नच आम्हांस चुकीचा वाटतो. रीति हें भांडें आहे. कोणत्याहि घराची परीक्षा करावयाची तर हें विचारावें: या घराच्या सुखाचें मोल कोण देतें, तें देणाऱ्यास कोणीं विचारलें आहे काय, आणि त्याचें ओझें कोणी घटकाभर उतरवून घेतें काय?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. "घरांत असा हिशोब मांडला म्हणजे प्रीति संपली. आई मुलाचें दूध मोजीत नाहीं. मग सुनेनें रात्री कां मोजाव्या?" आम्ही म्हणतों, जी देते तिनें मोजूं नये हें खरें, पण जो घेतो त्यानें अवश्य मोजावें. देणाऱ्यानें न मोजणें ही प्रीति. घेणाऱ्यानें न मोजणें ही कृतघ्नता. रूथ व नामी यांची गोष्ट आमच्या मंडळ्यांत सुनांस वारंवार सांगतात. ती सांगतांना तिचा आरंभ मात्र आम्ही गाळतों. नामीनें प्रथम आपल्या दोन्ही सुनांस मोकळें केलें. आपापल्या आईच्या घरीं परत जा, असें सांगितलें, आणि त्यांनीं केलेल्या उपकाराची आठवण बोलून दाखविली. एक सून रडत परत गेली, व शास्त्र तिला दोष देत नाहीं. रूथ राहिली ती आपल्या इच्छेनें. सासूनें दार उघडें केलें होतें, म्हणून सुनेचें राहणें हा सद्गुण झाला. दारास कडी घालून आंत कोंडलेल्या सुनेस "तूं रूथ हो" म्हणणें, हा त्या गोष्टीचा विपर्यास आहे.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची नम्र सूचना आहे कीं, घरगुती तंट्यांत बसाल तेव्हां शेतीचा व पैशाचा हिशोब करण्यापूर्वीं तीन गोष्टी विचारा. रात्रीं कोण उठतें? जी उठते तिच्या आईबापांस कोण पाहतें? आणि या बैठकींत आजवर कोणास बोलूं दिलें नाहीं? म्हाताऱ्या आईसहि विचारा. कारण तिला कोठें राहावयाचें आहे हें पुष्कळदां तिच्याशिवाय सर्वांनीं ठरविलेलें असतें.

आतां त्या घराची गोष्ट पुरी करूं. आठ दिवसांनीं आम्ही त्या गांवीं पुन्हा गेलों. पंच जमले, आणि या वेळीं थोरल्या सुनेस बसावयास सांगून विचारलें, "बाई, तुझें काय म्हणणें आहे?" ती बराच वेळ बोलेना. मग म्हणाली, "सासूबाईंना कोठेंच पाठवूं नका. पुण्याच्या दोन खोल्यांत त्यांचा जीव रमणार नाहीं. मला फक्त आठवड्यांतून दोन रात्री झोपूं द्या. आणि माझी आई पांढरकवड्याकडे एकटी आहे. वर्षांतून एकदां पंधरा दिवस तिच्याजवळ राहूं द्या." एवढेंच.

बैठकींत कोणी बोलेना. थोरला मुलगा खालीं पाहत होता. दोन तास आम्हीं सर्वांनीं पैशाचा, खोल्यांचा व वर्षांचा हिशोब केला होता. तिच्या झोंपेचा हिशोब कोणीं केलाच नव्हता. शेवटीं ठरलें तें असें: आठवड्यांतील दोन रात्री थोरल्या मुलानें स्वतः आईच्या खोलींत निजावें, सून माहेरीं जाईल ते पंधरा दिवस वणीच्या लेंकीनें येऊन आईस संभाळावें, आणि धाकट्यानें पैशांबरोबर दर दोन महिन्यांनीं स्वतः यावें. म्हातारीस विचारलें तेव्हां ती सुनेचा हात धरून म्हणाली, "मला बी हेच पायजे होतं. पन मला कोनं इचारलं?"

ही रीति अमेरिकेची नव्हे, आणि आमच्या वाडवडिलांचीहि नव्हे. ती त्या घराची झाली. ती किती दिवस टिकेल हें त्या थोरल्या मुलाच्या दोन रात्रींवर अवलंबून आहे. वाचकहो, आज रात्रीं आपल्या घरांत कोण उठणार आहे, एवढें आपण विचाराल काय?